परीकथेची प्रौढ प्रणयकथा लिहिताना नायिकेच्या होकाराचे काय करावे?

रातराणी, विलेपार्ले

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. सर्वांनी लहानपणी ऐकलेली एखादी पाश्चात्त्य परीकथा निवडावी आणि प्रौढ वाचकांसाठी तिची प्रणयकथा करावी, अशी संपादकांची सूचना होती आणि ती मला मनापासून आवडली. इंग्रजीत अशा पुस्तकांचा सध्या पूर आहे. सकाळच्या चर्चगेट गाडीत, महिलांच्या डब्यात, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ती वाचणाऱ्या मुली आणि बायका मी रोज पाहते. त्यांतल्या बऱ्याच जणी फोनवर घरच्यांशी मराठीत बोलतात. प्रेमाच्या, ओढीच्या, शरीराच्या गोष्टी वाचायच्या म्हटल्या की मात्र त्यांना इंग्रजीकडे जावे लागते, याची मला खंत वाटते.

मी निद्रिस्त राजकन्येची गोष्ट निवडली. शंभर वर्षांची झोप, वाड्याभोवती माजलेले काटेरी रान, त्यातून वाट काढत येणारा राजपुत्र; प्रणयकथेला जे लागते ते सगळे तिथे आयते आहे असे मला वाटले होते. लिहायला बसल्यावर मात्र गाडी नेमकी त्या चुंबनापाशी अडली. जी झोपलेली आहे, जिने या माणसाला कधी पाहिलेलेही नाही, तिच्या ओठांवर तो ओठ टेकतो आणि ती डोळे उघडते तीच मुळी त्याच्या प्रेमात पडून. मुलांना सांगताना हे एका वाक्यात उरकता येते. प्रौढ कथेत त्या क्षणाला श्वास, स्पर्श, मनातली खळबळ हे सगळे द्यावे लागते, आणि जसजसा तपशील भरत जावा तसतसा तो प्रसंग प्रेमाचा न राहता अतिक्रमणाचा दिसू लागतो. तिला आधीच जागे केले तर कथेचा कणा मोडतो आणि दोघांना स्वप्नात भेटवले तर ती लेखिकेने काढलेली पळवाट वाटते.

शिवाय ही गोष्ट युरोपातल्या जंगलातच राहू द्यावी की मुंबईत आणावी, याचाही निर्णय होत नाही. आणि दिवाळी अंक म्हटला की तो घरातल्या टीपॉयवर पडून असतो, तो सासूबाईही चाळतात आणि दहावीतली पुतणीही. तेव्हा किती मोकळेपणाने लिहावे, त्यातून कायद्याची काही अडचण उद्भवते का, हेही जाणकारांनी सांगावे.

जुनी वही, दादर

रातराणी, आपण जिथे अडलात तिथे ही गोष्ट जवळजवळ चारशे वर्षे अडलेली आहे. जांबात्तिस्ता बासिले याचा नेपल्सच्या बोलीतला कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यातली तालिया नखात अंबाडीसारख्या झाडाची कुसळ शिरल्यामुळे निश्चेष्ट पडते. शिकारीला निघालेला एक राजा त्या ओसाड घरात येतो, तिच्याशी त्याच स्थितीत संग करतो आणि आपल्या राज्यात परत जाऊन तिला विसरूनही जातो. तिला झोपेतच जुळी मुले होतात, त्यांतले एक मूल स्तन समजून तिचे बोट चोखते, कुसळ निघून येते आणि तेव्हा ती जागी होते. राजा विवाहित आहे, हे आणखी वेगळेच. म्हणजे आपल्याला त्या चुंबनात जे दिसले ते आपल्या मनाचे खेळ नाहीत. गोष्टीच्या पोटात ते होतेच.

आता शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये ही गोष्ट कशी सांगितली ते पाहा, कारण आपल्या कामाचे खरे धन तिथे आहे. त्याच्या कथेत चुंबनच नाही. राजपुत्र थरथरत तिच्याजवळ येतो, गुडघे टेकतो, शापाची मुदत त्याच क्षणी संपते आणि ती आपणहून जागी होते. त्याला पाहून ती म्हणते की, तू फार वाट पाहायला लावलीस. त्यानंतर ती दोघे चार तास बोलत बसतात आणि तरी मनातले निम्मेही बोलून होत नाही. ती त्याच्यापेक्षा सहज बोलते. आणि पेरो त्याचे कारणही देतो की एवढ्या दीर्घ झोपेत चांगल्या परीने तिला गोड स्वप्ने दाखवली असणार, त्यामुळे काय बोलायचे याचा विचार करायला तिला भरपूर वेळ मिळाला होता. आपण ज्याला पळवाट म्हणता ते स्वप्न असे थेट पेरोच्या कथेतच बसलेले आहे. चुंबनाने जाग येणे हे ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातले, आणि तिथेही शंभर वर्षे नेमकी त्याच दिवशी भरलेली असतात. तेव्हा ते चुंबन काढून टाकल्याने कथेचा कणा मोडत नाही. त्या चार तासांच्या बोलण्यावर आपण वीस पाने लिहू शकलात, तर मराठी वाचकाला ती कोणत्याही शय्यादृश्याहून जास्त काळ लक्षात राहतील असे मला वाटते.

वयाबद्दल एक गोष्ट आधीच पक्की करून टाका. पेरोची राजकन्या पंधरा-सोळा वर्षांची, ग्रिमांची पंधराची, हिमगौरी तर आरशाने तिला सुंदर ठरवले तेव्हा सात वर्षांची आणि रपुंझेल मनोऱ्यात कोंडली गेली तेव्हा बारा वर्षांची होती. प्रौढ प्रणयकथेत नायिका पूर्ण वाढलेली, जगाचा थोडा अनुभव असलेली स्त्रीच हवी, मग मूळ गोष्ट काहीही म्हणो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी आपल्याला वेगळीच गोष्ट सुचवीन. सुंदरी आणि पशू यांची (‘ब्यूटी अँड द बीस्ट’) कथा आज आपल्याला माहीत आहे ती लप्रँस द बोमाँ या शिक्षिकेने १७५६ मध्ये मुलींसाठी आखडून लिहिलेली. तिच्या आधी, १७४० मध्ये, गाब्रिएल-स्युझान द व्हिलनव्ह यांनी ती मोठ्या माणसांसाठी पुस्तकभर लांबीची लिहिली होती. व्हिलनव्हबाईंचा पशू रोज रात्री जेवणानंतर सुंदरीला विचारतो की, मी तुझ्याजवळ निजावे अशी तुझी इच्छा आहे का. ती नाही म्हणते. तो म्हणतो, तुझी इच्छा नाही तर मी जातो, आणि खरोखरच जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. बोमाँबाईंनी मुलींसाठी लिहिताना तो प्रश्न बदलून लग्नाचा केला, आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत तोच राहिला.

पण याहून मोलाची गोष्ट पुढे आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. त्या राजपुत्राला पशू कोणी केले, तर ज्या वृद्ध परीने त्याला लहानाचे मोठे केले तिनेच. ती त्याला लग्नाची मागणी घालते, तो नकार देतो आणि त्या नकाराची शिक्षा म्हणून त्याला हे रूप मिळते. बोमाँबाईंच्या संक्षेपात हे कारणच गळून गेले आहे. तिथे एका दुष्ट परीने शाप दिला एवढेच उरते. नाही म्हटल्याबद्दल ज्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, तोच माणूस रोज रात्री समोरच्या स्त्रीला नाही म्हणण्याची पूर्ण मुभा देतो आणि तिच्या नकारानंतर शांतपणे दाराबाहेर पडतो. प्रणयकथेला याहून खोल पाया मला तरी सापडलेला नाही. होकाराला किंमत येते ती नकार शक्य असतो म्हणून, हे त्या बाईंनी जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

त्या काळच्या फ्रेंच लेखिकांना हे कळणे साहजिकच होते. परीकथा हे नाव ज्यांच्या पुस्तकांमुळे रूढ झाले त्या मादाम द'ओल्नुआ यांचे लग्न कोवळ्या वयात, त्यांच्याहून कितीतरी मोठ्या सरदाराशी लावून दिलेले होते. पॅरिसच्या दिवाणखान्यांत या गोष्टी सुशिक्षित प्रौढ माणसे एकमेकांना सांगत असत. मुलांच्या पलंगापाशी त्या नंतर आल्या.

मध्यरात्र, मुलुंड

वरील माहिती उत्तम आहे, पण मला एका बाबतीत ठाम मतभेद नोंदवायचा आहे. सुंदरी पशूच्या वाड्यात येते ती बापाने तिथे तोडलेल्या एका गुलाबाच्या मोबदल्यात. बापाचा जीव वाचवायचा म्हणून ती आपणहून आली, असे कथा कितीही सांगो, जिच्यापुढे बापाचे मरण आणि स्वतःची कैद एवढे दोनच पर्याय ठेवले आहेत तिच्या इच्छेला इच्छा म्हणता येईल का? मग रोज रात्री तिचा नकार ऐकून निघून जाणारा पशू हा सभ्य तुरुंगाधिकारीच झाला.

दुसरे असे की परीकथेतली भीती काढून टाकू नये. पेरोच्या लाल टोपीवालीला लांडगा खाऊन टाकतो, तिला वाचवायला कोणी येत नाही, आणि शेवटी पेरो बजावतो की गोड बोलून घरापर्यंत सोबत येणारे लांडगे सर्वांत घातक. निळ्या दाढीच्या सरदाराची बायको मनाई केलेली खोली उघडते, किल्लीवर पडलेला रक्ताचा डाग काही केल्या निघत नाही, आणि तरीही वाचक तिच्याबरोबर त्या खोलीत पाऊल टाकतोच. इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९ मध्ये ही गोष्ट नव्याने लिहिली तेव्हा नायिकेला त्या माणसाची किळस आणि ओढ एकाच वेळी वाटते, हे त्यांनी लपवले नाही. पेरोच्या कथेत तिला भाऊ वाचवतात, कार्टर यांच्या कथेत घोड्यावरून आई येते. प्रौढ वाचक अशी गोष्ट वाचतो ती अंगावर काटा यावा म्हणूनही. सगळी पात्रे शहाणी, सगळे प्रश्न विचारून झालेले, सगळ्या परवानग्या घेतलेल्या, अशी प्रणयकथा मला वाचवणार नाही. रातराणी यांनी ते चुंबन ठेवावे आणि त्यातले अतिक्रमण जागी झालेल्या नायिकेच्या तोंडूनच बोलून दाखवावे. तिला राग येऊ द्यावा. त्या रागातून प्रेमाकडे जाणारी वाट लांब असेल, पण दीर्घकथा म्हणजे लांबच वाट.

जुनी वही, दादर

मध्यरात्र, सुंदरीच्या कैदेबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो टाळून कोणी ही कथा लिहू नये. म्हणूनच तिचा गाभा मी त्या रोजच्या प्रश्नाच्या जोडीला तिच्या माहेरपणात पाहतो. पशू तिला घरी जाऊ देतो. ती परत आली नाही तर तो मरेल, पण तिला अडवणारे कोणी नाही. बाप सुखरूप आहे, गुलाबाचे ऋण फिटले आहे, आणि तरीही ती परत जाते. तिच्या इच्छेची पहिली खरी पायरी ही. बहुतेक नव्या आवृत्त्या वाड्यातल्या रात्रींवर पानेच्या पाने खर्च करतात आणि माहेरचे दिवस घाईने उरकतात, तिथे त्या चुकतात. बापाच्या घरी, भावंडांच्या गराड्यात बसलेल्या त्या बाईला नेमके काय आठवते, कोणता आवाज, कोणता वास, जेवणाच्या टेबलावरची कोणती शांतता, हे लिहिता आले पाहिजे.

भीतीच्या बाबतीत आपले खरे आहे. भीती जरूर असावी. पात्राने केलेला जुलूम कथेत असू शकतो, पण कथेने त्याला प्रेम म्हणून बक्षीस देऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

पागडीचे घर, गिरगाव

रातराणी यांच्या मुंबईविषयीच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. गोष्ट मुंबईत आणायची म्हणजे रथाच्या जागी टॅक्सी आणि रात्रीच्या बाराच्या जागी शेवटची लोकल बसवायची, एवढाच अर्थ घेतला तर कृपया ती जंगलातच राहू द्यावी. वस्तू बदलून कथा बदलत नाही. पण त्या मंतरलेल्या वाड्यात मुळात काय आहे याचा विचार केला तर ती गोष्ट मुंबईचीच आहे असे वाटू लागते. तिथे दोन माणसांना कोणी पाहत नाही. नोकर अदृश्य, शेजारी नाहीत, दार कोणी ठोठावत नाही. ज्या शहरात बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब झोपते, नवीन लग्न झालेल्या जोडप्यासाठी घरातली माणसे काही ना काही निमित्त काढून गॅलरीत अंथरुणे टाकतात, आणि प्रेमात पडलेली माणसे बँडस्टँडच्या खडकांवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर शंभर जणांच्या शेजारी बसून एकांत मानून घेतात, तिथे रिकामे घर हीच जादू. कोणा मित्राने किल्ली दिलेला एखादा फ्लॅट, पुनर्विकासासाठी रिकाम्या झालेल्या इमारतीतला शेवटचा भाडेकरू, पागडीच्या जुन्या घरात एकट्याने राहणारा आणि लोकांनी विक्षिप्त ठरवलेला पुरुष. पशूचा वाडा इथे शोधावा. त्या घरात पाऊल टाकणाऱ्या बाईला जिन्यावरच्या प्रत्येक दाराची जाणीव असेल, आणि मोकळीक मिळाल्यावर प्रथम वाटेल ती भीती. ती भीती अस्सल आहे, युरोपातून आणावी लागत नाही.

दुसरी सूचना अशी की परीकथा पाश्चात्त्यच का असावी? बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर होते तेव्हा त्यांची मुलगी मेरी त्यांच्याबरोबर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतच्या ॲना लिबेराता डिसूझा या आयाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सांगितल्या आणि त्यांचे पुस्तक १८६८ मध्ये लंडनला निघाले. त्यात सोदेवाबाईची गोष्ट आहे. ही राजकन्या गळ्यात सोन्याचा हार घेऊनच जन्मते आणि तिचा प्राण त्या हारात असतो. तिचा रत्नजडित जोडा डोंगरावरून घरंगळतो, तो शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडतो आणि त्यावरून तो तिला शोधत येतो, म्हणजे सिंड्रेला झालीच. पुढे त्याची पहिली राणी तो हार चोरवते आणि स्वतः घालते. हार तिच्या गळ्यात असतो तोवर, दिवसभर, सोदेवाबाई समाधीत मृतवत पडलेली. रात्री झोपताना सवतीने हार काढून ठेवला की ही जिवंत होते. अशा एका रात्री शोकाने समाधीपाशी आलेल्या नवऱ्याला ती आणि तिचे तान्हे मूल सापडते.

इथे नायक-नायिका आधीपासून नवरा-बायको आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि ती रात्री जागी असते. आपल्याला छळणारा प्रश्न इथे मुळातून सुटतो. (ती लग्नाच्या वेळी फार लहान आहे, वय अर्थातच वाढवावे.) पण त्याच्या जागी त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो तो पहिल्या राणीचा. श्रावणातल्या कहाण्यांत आवडती आणि नावडती आपण किती सहज ऐकत आलो. प्रौढ कथेत त्या सवतीला काय हवे होते, ती रात्री हार काढून एकटी झोपताना कशाचा विचार करीत असेल, हे लिहावेच लागेल. मला तर तिच्याच बाजूने ही गोष्ट वाचायला आवडेल.

आणि मोकळेपणाचे म्हणाल तर मराठीने त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. आपल्या भाषेची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातली हालाची गाथासप्तशती उघडा. पाणपोईवर एक वाटसरू पाणी घालणाऱ्या स्त्रीकडे वर पाहत पाणी पितो आहे. पिणे लवकर संपू नये म्हणून तो ओंजळीची बोटे सैल सोडतो, आणि तीही, आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोन ओळींची गाथा आहे. कोणी कोणाला हातही लावलेला नाही, पण दोघांचीही इच्छा आपल्यापुढे आहे, आणि तिची त्याच्याहून तसूभरही कमी नाही. वर होकाराबद्दल एवढी चर्चा झाली. तो लिहायचा कसा, याचे उत्तर मला त्या बारीक होत जाणाऱ्या धारेत दिसते.

काळा कोट, फोर्ट

कायद्याचा प्रश्न आला म्हणून थोडक्यात. अश्लील मजकुराची विक्री व प्रसार यासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९२ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आहे आणि साहित्य व कलेच्या हिताचे म्हणून ज्या प्रकाशनाचे समर्थन करता येते त्याला दोन्हींत अपवाद आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीच्या विक्रीबद्दलची शिक्षा कायम ठेवली होती. पण आपल्याला जवळचा निकाल १९६९ चा आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती आणि तिच्यावर खटला झाला होता. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण कथा संपूर्ण वाचून तिच्याकडे पाहावे लागते. २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाचे मापदंड लावले. त्यामुळे दोन प्रौढांमधले प्रेम संयत आणि कथेच्या गरजेनुसार लिहिले असेल तर मी तरी आपल्याला घाबरवणार नाही.

वयाच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये अठरा वर्षांखालील पात्राचे लैंगिक चित्रण करणारा लिखित मजकूरही येतो आणि हल्ली बहुतेक दिवाळी अंक ई-आवृत्तीतही निघतात. मूळ कथेत असेच आहे, हा बचाव धरू नये. दोन्ही पात्रे अठरा पूर्ण केलेली आहेत हे कथेतच निःसंदिग्ध दिसू द्यावे. कथेच्या शीर्षकाखाली ही प्रौढांसाठी आहे अशी ओळ छापायला संपादकांना जरूर सांगा. आपल्या पुतणीच्या दृष्टीनेही ते योग्य होईल.

रातराणी, विलेपार्ले

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी व्हिलनव्हबाईंचीच गोष्ट घेण्याचे ठरवले आहे. सोदेवाबाईची सवत मला आता स्वस्थ बसू देणार नाही, पण तिला स्वतंत्र कथा हवी. माझी नायिका सत्तावीस वर्षांची आहे, तिच्या वडिलांचे लालबागला मसाल्याचे दुकान आहे आणि कर्जापायी ते जाण्याच्या बेतात आहे. नायक रिकाम्या होत चाललेल्या इमारतीत एकटा राहतो. शापाचे कारण व्हिलनव्हबाईंचेच ठेवते आहे, म्हणजे ज्या बाईच्या उपकारांवर तो वाढला तिला त्याने दिलेला नकार. मध्यरात्र यांचा आक्षेप लक्षात ठेवून कर्जाची परतफेड गोष्टीच्या अर्ध्यावरच होईल, आणि त्यानंतर तिच्यावर कोणतेही बंधन नसताना ती पुन्हा तो जिना चढेल. तिथे मी घाई करणार नाही.

आता एकच गोष्ट विचारायची आहे. पशूचे रूप पालटल्यावर पुढे काय? मूळ पुस्तक तिथे संपते का?

जुनी वही, दादर

संपत नाही. सुंदरी होकार देते, ती दोघे निजतात, आणि सकाळी तिला जाग येते तेव्हा शेजारी पशूच्या जागी राजपुत्र झोपलेला असतो. इथून पुढे बरेच मोठे पुस्तक शिल्लक आहे. राजपुत्राची आई येते, सुनेचे कौतुक करते, आणि ती एका व्यापाऱ्याची मुलगी आहे असे कळताच हे लग्न आपल्याला मान्य नाही असे सांगते. ज्या मुलीने तिच्या मुलाला माणसात आणले, तिचे घराणे कमी पडते. सोयरीक जमवताना आपल्याकडे जे बोलले जाते, ते माहीत असलेल्या कोणाही मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

व्हिलनव्हबाईंनी यातून वाट काढली ती अशी, की सुंदरी मुळात एका राजाची आणि एका परीची मुलगी निघते, व्यापाऱ्याने तिला फक्त वाढवलेले असते, आणि मग सर्वांचे समाधान होते. बोमाँबाईंनी हा सारा भाग कापला आणि त्या बाबतीत त्यांनी बरे केले. आपण मात्र आईचा तो आक्षेप ठेवा आणि त्याचे ते उत्तर टाकून द्या. आपल्या नायिकेला शेवटपर्यंत लालबागच्या मसालेवाल्याचीच मुलगी राहू द्या, अंगाला मिरचीचा आणि धण्याचा वास असलेली, आणि नव्या देखण्या रूपात उभ्या असलेल्या त्या माणसाला आईसमोर स्वतःच्या तोंडाने बोलावे लागू द्या. नकार देण्याची किंमत त्याला आधीपासून ठाऊक आहे.